दोन घंटा, तीन घाट: पुण्याहून निघून पुण्यालाच परतायची वाट

गाडी शिकून वर्ष झालं, हायवेवर हात बसला, सोसायटीच्या खांबांना आता घासत नाही, पण घाट म्हटलं की पोटात गोळा येतो. अशांसाठी हे लिहितोय. वाट ठरलेली आहे: पुणे, वाई, पाचगणी, महाबळेश्वर, प्रतापगड, पोलादपूर, महाड, वरंधा, भोर आणि परत पुणे. आडवाटा धरून तीनशे-साडेतीनशे किलोमीटर. दोन दिवसांत होते, अडीच मिळाले तर जिवाला बरं. वाटेत पसरणी, आंबेनळी आणि वरंधा असे तीन घाट लागतात. सुरुवातीला एक पोर्तुगीज घंटा आहे आणि शेवटी दुसरी. मधे पुस्तकांचं गाव, मधाचं गाव आणि पुराचं पाणी कापायला बांधलेली देवळाची भिंत.

ही वाट मी पाण्याच्या मागं मागं जायची म्हणून धरतो. वाईला कृष्णा भेटते, तिच्या काठानं वर चढत तिच्या उगमाशी जायचं, तिथून सावित्रीबरोबर कोकणात उतरायचं आणि वरंध्यानं परत घाटमाथ्यावर येऊन नीरेच्या खोऱ्यात शिरायचं. कृष्णा बंगालच्या उपसागराला जाते, सावित्री अरबी समुद्राला. नकाशा न उघडताही आपण कुठं आहोत ते कळतं: पाणी कुठल्या बाजूला वाहतंय ते बघायचं.

कधी जायचं

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी. दसऱ्यानंतर डोंगर अजून हिरवा असतो, ओहोळांना पाणी असतं आणि दरडी पडायच्या थांबलेल्या असतात. डिसेंबरनंतर स्ट्रॉबेरी येते.

पावसाळ्यातले फोटो बघून भुलू नका. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला, आंबेनळीचा रस्ता जागोजागी खचला आणि खाली महाड पाण्यात गेलं. वरंधा तर पावसाळ्यात प्रशासन बऱ्याचदा बंदच ठेवतं. पहिलाच घाट असेल तर जून ते सप्टेंबर या वाटेचं नाव काढू नका. इतर महिन्यांतही निघायच्या आदल्या दिवशी वरंधा चालू आहे का ते महाडच्या किंवा भोरच्या कुणाला तरी विचारून घ्या. फोनवरचा नकाशा बंद रस्त्यावरूनही खुशाल निळी रेघ ओढतो.

फाल्गुनात जाणार असाल तर रंगपंचमी टाळा. त्या दिवशी वाईजवळ बावधनला बगाडाची मोठी जत्रा असते. बघायलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग गाडी लांब लावून चालायची तयारी ठेवा आणि घाटाचा बेत दुसऱ्या दिवशी करा.

गाडीची तयारी

हे पटकन सांगतो. चारही चाकांतली हवा, स्टेपनीतली हवा (ती कुणीच बघत नाही), कूलंट, वायपर, दिवे. ब्रेक दाबताना कर्कश आवाज येत असेल तर आधी पॅड दाखवून घ्या. नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, कारण आंबेनळीत आणि वरंध्यात रेंज जाते. सुट्टे पैसे ठेवा. महाबळेश्वरच्या नाक्यावर प्रवासी कर भरावा लागतो आणि भजीच्या टपरीवर ऑनलाइन पैसे द्यायचे तर रेंज हवी.

ज्यांना गाडी लागते त्यांना पुढं बसवा, पोटभर खायला घालू नका आणि आलेपाक किंवा आवळासुपारी हाताशी ठेवा. मागच्या सीटवर बसून मोबाइल बघणाऱ्यांना सगळ्यात आधी मळमळतं. माझ्या भाच्याला हे तीनदा सांगून झालंय.

पहिला दिवस, पहिला थांबा: खेड शिवापूर

पहाटे सहाला पुणे सोडा. सात वाजले की कात्रजच्या बोगद्यापाशी हिशोब बदलतो.

खेड शिवापूरला हायवेलगत कमर अली दरवेशांचा दर्गा आहे. तिथं एक गोल दगड आहे. तो अकरा जणांनी एकेक तर्जनी लावून, दरवेशांचं नाव घेत उचलायचा. वजन नव्वद किलोच्या आसपास सांगतात. भाविक म्हणतात की दहा किंवा बारा जण असतील तर उचलला जात नाही. मी भागाकार करून बघितला, माणशी आठेक किलो येतात. नाव घेतल्यानं सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागतो, हे खरं कारण असावं. पण अनोळखी अकरा जण एकमेकांकडं बघून हसत एका दगडाभोवती वाकतात, ते बघायला भागाकार लागत नाही. वीस मिनिटांचा थांबा.

तिथून शिरवळ, मग खंबाटकी (हायवेवरचा घाट, तीनांत धरलेला नाही) ओलांडली की सुरूर फाट्याला उजवीकडं वळा. इथून हायवे संपला. चहा आणि नाश्ता वाईत गेल्यावरच करा.

वाई आणि मेणवली: इथं घाई करू नका

वाईत सगळे ढोल्या गणपतीला जातात, समोरून दर्शन घेतात आणि निघतात. तुम्ही देवळाच्या मागच्या बाजूला जा. १७६२ मध्ये गणपतराव रास्त्यांनी हे देऊळ अगदी कृष्णेच्या पात्रालगत बांधलं. दरवर्षी पूर येणार हे माहीत होतं. म्हणून मागची भिंत सरळ न बांधता माशासारखी निमुळती केली, म्हणजे पाण्याचा लोंढा तिथं दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. अडीचशे वर्षांहून जास्त काळ देऊळ त्याच जागी आहे. भिंतीला हात लावून बघा, मग घाटाच्या पायऱ्यांवर दहा मिनिटं बसा.

वाई हे मराठी विश्वकोशाचंही गाव. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी इथं बसून ते काम उभं केलं. हजारो पानांचा व्यवहार पुण्या-मुंबईत न होता नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावी झाला, याचं मला अजून नवल वाटतं.

आता मेणवली. वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागं कृष्णेवरचा चंद्रकोरीसारखा वळलेला घाट आणि मेणेश्वराचं देऊळ. हा घाट सिनेमावाल्यांचा इतका लाडका आहे की पहिल्यांदा येणाऱ्यालाही ‘हे कुठंतरी बघितलंय’ असं वाटतं. वाड्यातली भित्तिचित्रं बघायला पाच-दहा रुपये जास्त गेले तरी जाऊ द्या.

पण मी ज्यासाठी तुम्हाला इथवर आणलं ती घंटा देवळाजवळच्या छोट्या मेघडंबरीत टांगली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. तिथल्या चर्चमधल्या मोठमोठ्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी सरदारांनी घाटावर आणल्या आणि देवळांना वाहिल्या. त्यांतली ही एक. पंचधातूची, प्रचंड जड. हिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती. सकाळचं ऊन तिरपं पडलेलं असताना गेलात तर आकृती स्पष्ट दिसते. दुपारी डोक्यावर ऊन आलं की ती धातूत विरघळून जाते आणि लोक ‘कुठंय, कुठंय’ करत परत जातात. म्हणून पुण्याहून सहाला निघायचं.

मागच्या खेपेला एक आजी मेणेश्वराला बेल वाहून आल्या आणि घंटेखाली उभ्या राहून मेरीच्या पायांशी हळदीकुंकवाची बोटं टेकवायला बघत होत्या. हात पोचेना. मला म्हणाल्या, ‘‘लाव रे जरा, तुझी उंची आहे.’’ मी लावलं.

पहिला घाट: पसरणी

वाई सोडली की पायथ्याला पसरणी गाव लागतं. शाहीर साबळे इथले. गावातून पुढं गेलं की चढ सुरू.

नवख्यांसाठी हा उत्तम घाट आहे. रस्ता रुंद, वळणं मोकळी आणि चढ आहे. गाडी चढवणं सोपं, उतरवणं अवघड, हे घाटातलं पहिलं सूत्र. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढा. इंजिन घरघरायला लागलं की लगेच एक गिअर खाली या, गाडी गुदमरेपर्यंत वाट बघू नका. वळणाआधी हॉर्न. वळणावर ओव्हरटेक कधीच नाही, पुढचा ट्रक कितीही रडतखडत चालत असला तरी. समोरून एसटी आली तर वळणाच्या अलीकडेच थांबा, तिला वळायला आख्खा रस्ता लागतो. समोरून उतरणाऱ्या गाडीनं चढणाऱ्याला वाट द्यायची असते. सगळे देत नाहीत, पण उद्या तुम्ही उतरत असाल तेव्हा द्या.

मागं गाड्यांची रांग लागली की नवखा माणूस घाबरून वेग वाढवतो. तसं करू नका. डावीकडं रुंद जागा दिसली की इंडिकेटर देऊन थांबा, सगळ्यांना जाऊ द्या. थांबल्यावर खाली बघा: वाई, धोम धरणाचं पाणी आणि त्यातून निघालेली कृष्णा.

पाचगणीत टेबललँडला जायचं तर जा. आशिया खंडातलं दुसऱ्या क्रमांकाचं पठार म्हणतात, कुणी मोजलं ते विचारू नका. शनिवारी-रविवारी तिथं घोडे, उंट आणि धूळ असते. मी थेट भिलारला जातो.

भिलार: चपला बाहेर, पुस्तक आत

पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरून थोडं आत भिलार आहे. हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचंही गाव झालं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावावरून सुचलेली, पण तिथं पुस्तकं विकतात आणि इथं विकत नाहीत, वाचायला देतात. राज्याच्या मराठी भाषा विभागानं गावातल्या घरांमध्ये, देवळांत, शाळेत हजारो मराठी पुस्तकं ठेवली. एका घरी कादंबऱ्या, दुसऱ्याकडं कविता, तिसऱ्याकडं बालसाहित्य, कुठं इतिहास, कुठं संतसाहित्य. बाहेरच्या भिंतीवरच्या चित्रावरून आत काय असेल ते कळतं.

पहिल्यांदा जाणाऱ्याची अडचण एकच असते: दुसऱ्याच्या घरात शिरायचं कसं? मीही पहिल्यांदा फाटकाबाहेर घुटमळत उभा होतो. ओट्यावर एक काकू स्ट्रॉबेरी निवडत बसल्या होत्या. मोठी एका टोपलीत, बारकी आणि डागी दुसऱ्या टोपलीत. त्यांनी मान वर न करता विचारलं, ‘‘वाचायला आलाय की फोटो काढायला?’’

‘‘वाचायला,’’ मी म्हटलं. तेव्हा ते अर्धंच खरं होतं.

‘‘मग या की. चपला तिथं काढा.’’

आत खोलीभर कपाटं, दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात टीव्हीवर आवाज बारीक करून लावलेली मालिका. तासभर कथा वाचत बसलो. निघताना काकूंनी डाग पडलेल्या स्ट्रॉबेरीची वाटी पुढं केली. बाजारात जात नाही त्या, पण चवीला त्याच गोड असतात, म्हणाल्या. तेव्हापासून मी महाबळेश्वरात चकचकीत खोकी घेत नाही, लहान आणि डागी कुठं मिळते ते विचारतो.

तर, आत जा. विचारून जा, आवाज कमी ठेवा, पुस्तक होतं तिथं परत ठेवा. जेवणाच्या वेळेला जाऊ नका, ते घर आहे.

मुक्काम महाबळेश्वरात किंवा भिलारच्या आसपास करा. भिलारमध्ये घरगुती राहायची सोय होते आणि संध्याकाळी महाबळेश्वरच्या बाजारातली गर्दीही चुकते. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं, हा नियम दोन्ही दिवस पाळा. धुकं आलंच तर दिवे लो बीमवर ठेवा. हाय बीम लावलात तर धुकं उजळून निघतं आणि रस्ता दिसेनासा होतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावायची खोड अनेकांना आहे. तुम्ही कुठं वळणार हे मग मागच्याला कळत नाही.

दुसरा दिवस: पाच नद्या आणि एक गोमुख

सकाळी साडेसहाला क्षेत्र महाबळेश्वर गाठा. गावापासून पाच-सहा किलोमीटरवर. पंचगंगा देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचं पाणी वेगवेगळ्या धारांनी येतं आणि एका गोमुखातून पडतं. त्या वेळी पुजारी आणि दोन-चार गावकरी सोडले तर कुणी नसतं. वेण्णा पुढं माहुलीला आणि कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते, म्हणजे तिघी फिरून एकत्रच येतात. सावित्री मात्र पाठ फिरवून कोकणात उतरते. आज आपल्याला तिच्या बाजूनं जायचंय.

तिथूनच चालत थोड्या अंतरावर कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ आहे. बहुतेक पर्यटक ते चुकवतात. शेवाळलेले खांब, कुंड आणि समोर कृष्णेचं खोरं. काल वाईला जिचा घाट बघितला ती इथून खाली जाताना दिसते. मला या सगळ्या वाटेवर एकच जागा निवडायला सांगितली तर मी ही निवडेन. प्रतापगड त्यानंतर.

वेळ असेल तर मांघरला जा, महाबळेश्वर तालुक्यातलंच गाव. २०२२ मध्ये ते देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. घरोघरी मधपेट्या आहेत. मध घेताना कुठल्या फुलोऱ्याचा ते विचारा. जांभळाचा मध काळसर असतो आणि घशाला किंचित कडवट लागतो. ज्यांना फक्त गोड हवंय त्यांना तो आवडत नाही, मला आवडतो.

दुसरा घाट: आंबेनळी, आणि माझी फजिती

नऊच्या आत आंबेनळीला लागा. वाट या दिशेनंच करायची याचं कारण आता सांगतो. सकाळी आपण पश्चिमेला उतरतो तेव्हा सूर्य पाठीशी असतो. दुपारनंतर वरंध्यानं पूर्वेला चढतो तेव्हाही सूर्य पाठीशीच. उलट्या दिशेनं गेलात तर दोन्ही वेळा ऊन डोळ्यांत घुसतं आणि वळणावरचा दुचाकीवाला दिसत नाही. शिवाय अवघड उतार सकाळी, डोकं आणि ब्रेक दोन्ही थंड असताना होऊन जातो. दमलेल्या अंगानं उरतो तो चढ.

आंबेनळी अरुंद आहे, झाडीतून जातो आणि वळणं एकामागून एक येतात. इथं पहिल्यांदा आलो तेव्हा मी चौथ्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवून निवांत उतरत होतो. वाडा कुंभरोशीच्या थोडं आधी जळक्या रबरासारखा वास यायला लागला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. पुढं ट्रक नव्हता. ब्रेकचं पेडल जरा जास्तच खाली जायला लागलं तेव्हा घाम फुटला. कशीबशी कुंभरोशीच्या टपरीपाशी गाडी लावली. पुढच्या चाकातून धूर निघत होता. मी पाण्याची बाटली घेऊन वाकलो तेवढ्यात शेजारी एसटी लावून चहा पीत बसलेले चालक ओरडले, ‘‘ओ, पाणी नको! तडकंल ना डिस्क.’’

ते उठून आले. ‘‘कुठल्या गेरात उतरलात?’’

‘‘चौथ्या.’’

‘‘मग ब्रेक काय करील बिचारा? ज्या गेरात चढता त्याच गेरात उतरायचं. गाडी इंजिनाला धरू द्या. ब्रेक नुसता हात लावल्यासारखा.’’ मग बशी पुढं केली. ‘‘अर्धा तास जाऊ द्या, चहा घ्या.’’

तेव्हा शिकलो ते हे: उतारावर दुसरा गिअर, फार तीव्र असेल तर पहिला. ब्रेक सतत दाबून न ठेवता थोडा दाबायचा, सोडायचा. गाडी न्यूट्रलमध्ये घालून पेट्रोल वाचवायची अक्कल घाटात चालवायची नाही. ऑटोमॅटिक गाडी असेल तर ‘डी’मध्ये न उतरता ‘एल’ किंवा मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरा, ते बटण कुठं आहे ते घरीच बघून ठेवा. वास आला की थांबा, गाडी सपाट जागी लावा, चाकांवर पाणी ओतू नका. आणि माकडांना बिस्किटं देऊ नका, ती वळणावर रस्त्यात बसायला त्यामुळेच शिकलीत.

कुंभरोशीहून प्रतापगडाचा फाटा आहे. १० नोव्हेंबर १६५९ ची गोष्ट मराठी माणसाला सांगायला नको. गडावर दीड-दोन तास धरा, भवानीचं दर्शन घ्या, बालेकिल्ल्यातला पुतळा बघा. त्याचं अनावरण १९५७ मध्ये पंडित नेहरूंनी केलं.

पण गडावरून उतरल्यावर थेट पोलादपूरला न जाता पार गावाकडं वाकडी वाट करा. तिथं कोयनेवर शिवकालीन दगडी पूल आहे, कमानींचा. त्याच्यावर तिकीट नाही, कठडा नाही म्हणण्यासारखा, आणि गावची माणसं त्यावरून अजून ये-जा करतात. पुलाखाली उतरून वर बघा. सकाळी गोमुखात बघितलेली कोयना इथं चांगली अंगापिंडानं भरलेली असते. जवळच रामवरदायिनीचं देऊळ आहे.

पोलादपूर, महाड

घाट संपला की हवा एकदम दमट होते, काचा धुरकट होतात. कोकण आलं. पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. अफजलखानाच्या भेटीचं वर्णन संस्कृत काव्यात करणारे ते हेच. दहा मिनिटं पुरतात.

महाडला जेवा. टाकीही तिथंच भरा, पुढं भोरपर्यंत पंपाचा भरवसा धरू नका. जेवण झाल्यावर चवदार तळ्यावर जा. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी ओंजळीत पाणी घेतलं ते हे तळं. गोमुखापासून पाण्याच्या मागं निघालेल्या माणसानं इथं न थांबणं बरं दिसत नाही. भर गावात आहे, चारही बाजूंनी घरं आणि वाहतूक. बसायला जागा आहे. ज्यांना लेणी आवडतात त्यांना हायवेवरूनच गांधारपाल्याची बौद्ध लेणी डोंगरात दिसतील. चढायला अर्धा तास हवा, उन्हात नको.

दुपारी दोनच्या आत महाड सोडा. अडीच दिवस असतील तर इथं मुक्काम करा आणि सकाळी शिवथरघळीला जा. समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला ती घळ. १९३० मध्ये धुळ्याच्या शंकरराव देवांनी ती शोधून काढली. धबधबा घळीच्या तोंडावरच पडतो. दिवाळीच्या सुमारास तो बारीक झालेला असतो आणि तेव्हाच आत शांत बसता येतं.

तिसरा घाट: वरंधा

पोलादपूरकडून येताना महाडच्या अलीकडे राजेवाडी फाटा लागतो, तो भोरचा रस्ता. महाडला जेवून थोडं मागं यायचं आणि तिथून वळायचं. बिरवाडी, बारसगाव, माझेरी आणि मग चढ.

हा घाट रानटी आहे. रहदारी कमी, रस्ता कुठं गुळगुळीत, कुठं उखडलेला, आणि माथ्याजवळ एका बाजूला सरळ कडा. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर कोण मागं येणार हे लांबूनच ठरवा: ज्याच्या मागं रुंद जागा जवळ असेल त्यानं. खडबडीत चढावर गाडी थांबवून परत निघताना मागं सरकते, तेव्हा हँडब्रेक ओढा, क्लच पकड घेईपर्यंत सोडा, मग हँडब्रेक सोडा. हे सोसायटीच्या रॅम्पवर चार वेळा करून बघा, घाटात पहिल्यांदा नको.

माथ्यावर वाघजाईचं देऊळ आणि टपऱ्या. हा रस्ता कावळ्या किल्ल्याच्या अंगातूनच काढलाय, त्यामुळे टपरीवर बसलात की अर्धा किल्ला एका बाजूला आणि अर्धा दुसऱ्या. इथली कांदाभजी खा. घाण्यातून काढताना बाई झाऱ्यावर हिरव्या मिरच्या घेतात, मीठ भुरभुरतात आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यावर सगळं एकदम ओततात. पाच वाजता समोरच्या कड्यांवर पिवळं ऊन असतं आणि खाली कोकणात सावली पडलेली. दुसरी प्लेट मागवाल, पण घड्याळ बघा. सूर्य मावळायच्या आत नीरा-देवघर धरणाची बाजू गाठायची.

वरंधा बंद असेल तर हट्ट करू नका. महाडहून माणगावला जा आणि ताम्हिणीनं मुळशी, पौडवरून पुणे गाठा. तो घाट रुंद आहे. दुसरी घंटा तेवढी राहील.

भोर आणि दुसरी घंटा

माथ्यावरून पुढं उतार मऊ आहे. रस्ता हिरडोशीवरून नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेकडेनं जातो. हे पाणी भीमेवाटे कृष्णेलाच जाणार, म्हणजे आपण परत कालच्या बाजूला आलो. भात कापणीच्या दिवसांत काचा खाली करा, खाचरांत आंबेमोहोर असेल तर वास येतो. भोरात राजवाडा आहे, तो बाहेरून बघून पुढं निघा. तांदूळ घ्यायचा तर इथं घ्या, पण ‘नवा की जुना’ विचारून. नव्याचा भात चिकट होतो, मोकळा हवा असेल तर जुना.

कापूरहोळला हायवे लागतो. पुण्याच्या दिशेनं चेलाडी फाट्याला आत नसरापूर आणि तिथून बनेश्वर. १७४९ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं शंकराचं देऊळ, भोवती राई, कुंडांत मासे आणि कासवं. इथं दुसरी वसईची घंटा आहे. हिच्यावर क्रूस आहे आणि साल १६८३, म्हणजे मेणवलीच्या घंटेपेक्षा चोवीस वर्षांनी मोठी. दिवस मावळला असेल तर आकडे बोटांनी चाचपा.

एकदाच वाजवा, हळू. संध्याकाळच्या आरतीला गावकरी बसलेले असतात आणि पर्यटकांच्या घण घण वाजवण्याला ते विटलेत.

रविवारी रात्री आठ ते दहा खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर आख्खा सातारा आणि कोल्हापूर पुण्याला परतत असतो. बनेश्वराबाहेर चहा घ्या, साडेनऊपर्यंत बसा. आणि घरी गेल्यावर रात्रीच गाडीचं पुढचं चाक बघून घ्या. ब्रेकचा काळा भुसा रिमवर दाट जमला असेल तर आंबेनळीत तुम्ही चौथ्यातच उतरलात.